यंत्राचीं चित्रें आणि माणसाची शिस्त

(नभोवाणीवरील भाषण)

संगणकाला चार ओळींची सूचना द्यावी आणि त्यानें अर्ध्या मिनिटांत रंगीत चित्र पुढें ठेवावें, ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. 2021 च्या जानेवारींत 'डॅल-ई' नांवाचें असें यंत्र जगासमोर आलें. 2022 च्या जुलै-ऑगस्टांत 'मिडजर्नी' आणि 'स्टेबल डिफ्यूजन' हीं यंत्रें सामान्य माणसाच्या हातीं पडलीं. आणि आज खेड्यांतील शिक्षकहि खिशांतल्या मोबाईलवरून हवें तें चित्र मागवूं शकतो. यंत्र म्हणजे येथें लोखंडाचें नव्हे, तर संगणकांत चालणारी आज्ञावली, हें आपण जाणतांच. कृत्रिम बुद्धिमत्तेची ही करामत पाहून कोणी हरखून जातो, तर कोणी धास्तावतो. मला आज या दोहोंविषयीं बोलावयाचें नाहीं. मला बोलावयाचें आहे तें कामाच्या रीतीविषयीं. एक चित्र काढून घेणें ही मौज आहे. साठ चित्रें काढून घेणें हें काम आहे. आणि काम म्हटलें कीं त्याला पद्धति हवी, हिशेब हवा आणि जबाबदार माणूस हवा.

वर्धा जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत, बोर धरणाच्या वाटेवर, आमचें हिंगणी गांव आहे. भोंवतीं कापूस, सोयाबीन आणि तूर यांचीं शेतें, आणि थोड्या अंतरावर 1970 सालीं अभयारण्य व 2014 सालीं व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झालेलें बोरचें जंगल. येथील आम्ही कांहीं निवृत्त व कांहीं नोकरींत असलेल्या शिक्षकांनीं मिळून पहिली-दुसरीच्या मुलांसाठीं चित्रपत्ते आणि गोष्टींचीं चित्रें तयार करण्याचें काम हातीं घेतलें. बाजारांतल्या पत्त्यांवर सफरचंद असतें, पण बोर नसतें. ट्रॅक्टर असतो, पण तिफण नसते. आपल्या मुलाला आपल्या शिवारांतली वस्तु चित्रांत दिसावी, एवढाच हेतु. त्या कामांत जी रीत आम्हांला उपयोगी पडली, ती आपणांपुढें ठेवतों.

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, यंत्र कांहीं पाहून चित्र काढीत नाहीं. तें अगणित चित्रें आणि त्यांखालचे मथळे यांच्या जोड्यांवरून शिकलेलें असतें. 2022 सालीं 'लायन' या संस्थेनें अशा सुमारें 585 कोटी जोड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारें 230 कोटी जोड्यांचे मथळे इंग्रजींत होते. 'स्टेबल डिफ्यूजन' हें यंत्र याच संस्थेच्या संग्रहांतून, आणि त्यांतहि मुख्यतः इंग्रजी भागावरून, शिकलें. चित्र काढतांना तें ठिपक्यांच्या गोंधळापासून आरंभ करतें आणि शिकलेल्या नमुन्यांच्या आधारें तो गोंधळ पायरीपायरीनें निवळीत जातें. यावरून एक गोष्ट उघड होते. जगांत ज्या वस्तूचीं चित्रें उदंड, ती वस्तु यंत्राला चांगली साधते. जिचीं चित्रें विरळ, तिच्या जागीं तें दुसरीच, ओळखीची वस्तु बसवून मोकळें होतें.

आम्हीं 'बैल' मागितला, तेव्हां कधीं परदेशी गाय आली, तर कधीं भल्या थोरल्या शिंगांचा परप्रांतीय बैल आला. आमच्या वर्धा-नागपूर भागाचा बैल म्हणजे गवळाऊ: पांढरा किंवा राखी रंग, हलकें व चपळ अंग, लांबट अरुंद तोंड, आंखूड शिंगें. याच जातीच्या पैदाशीसाठीं आमच्या जिल्ह्यांत हेटीकुंडी येथें सरकारी केंद्र आहे. पण यंत्राला हेटीकुंडी ठाऊक नाहीं. तान्ह्या पोळ्याचें चित्र मागितलें, तर लाकडी नंदी ओढणाऱ्या मुलांऐवजीं जिवंत बैल आला. तिफणीचें चित्र मागितलें, तर तिला तीन फण नव्हते, बीं सोडावयाचें चाडें नव्हतें, आणि नळ्या भलत्याच ठिकाणीं निघालेल्या होत्या. चित्र दिसावयास सुरेख होतें. फक्त त्या अवजारानें पेरणी झाली नसती.

आमच्या जिल्ह्याला यंत्राविषयींचा एक जुना धडा मिळालेला आहे. मगनवाडी, सेवाग्राम, पवनार या परिसरांत चरखा आणि तकली यांचा जेवढा विचार झाला, तेवढा क्वचितच कोठें झाला असेल. 1937 च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेनें हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागीं आणून बसविलें. सूत कातणाऱ्या कोणालाहि विचारा, तो सांगेल कीं सूत तुटतें तें बहुधा चरख्याच्या दोषानें नव्हे, पेळूच्या दोषानें. कापूस नीट सरकला नाहीं, कचरा निघाला नाहीं, पिंजण विषम झाली, तर चाक कितीहि वेगानें फिरवा, धागा तुटणारच. वेग चाकांत आहे, पण गुण पेळूंत आहे. चित्र काढणाऱ्या यंत्रालाहि हाच न्याय लागू आहे. यंत्राचें काम अर्ध्या मिनिटाचें. त्याच्या आधींचें आणि नंतरचें काम आपलें. तें नीट लावून घेतलें नाहीं, तर अर्ध्या मिनिटाच्या कामापायीं अख्खा दिवस जातो आणि हातीं शंभर निरुपयोगी चित्रें राहतात.

तेव्हां पहिली पायरी म्हणजे निवड: कोणतें चित्र यंत्राकडून घ्यावयाचें आणि कोणतें मुळींच घ्यावयाचें नाहीं. ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतों, कारण येथें प्रश्न सौंदर्याचा नसून जिवाचा असूं शकतो. सापांचेंच उदाहरण घ्या. मण्यार हा अत्यंत विषारी साप. त्याच्या काळसर अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे असतात, आणि ते डोक्याकडे पुसट व शेपटीकडे ठळक असतात. कवड्या साप बिनविषारी. त्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. दोहोंमधला भेद ओळखण्याची ही एक मोठी खूण. आतां यंत्रानें पट्टे उलट काढले, तर चित्र तेवढेंच देखणें दिसेल. पण तें पाहून शिकलेलें मूल मण्यारीला कवड्या समजेल. घोणशीच्या अंगावरचे साखळीसारखे तीन रांगांतले ठिपके जर यंत्रानें आपल्या लहरीनें विखरून टाकले, तर लोक तिला अजगराचें पिल्लूं समजतात ही जुनी चूक अधिकच दृढ होईल. बिबट्याविषयींचें सूचनाचित्र मागितलें आणि भरीव ठिपक्यांचा, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असलेला चित्ता आला, तर जंगलाच्या कडेला राहणाऱ्या मुलाच्या काय कामाचा? बोरच्या रानांत चित्ता नाहीं.

म्हणून आम्हीं एक नियम केला. ज्या चित्रावरून वस्तु ओळखावयाची आहे, आणि ओळख चुकल्यास अपाय होणार आहे, तें चित्र यंत्राकडून घ्यावयाचें नाहीं. साप, औषधी व विषारी वनस्पति, पिकावरील कीड, औषधाच्या बाटल्या, यांसाठीं जाणत्यानें तपासलेलें खरें छायाचित्रच घ्यावें. ज्या चित्रांत केवळ प्रसंग किंवा भाव दाखवावयाचा आहे, म्हणजे गोष्टींतली म्हातारी, पावसांत भिजणारीं मुलें, बाजाराचा दिवस, तें चित्र यंत्राकडून घेण्यास हरकत नाहीं. या दोहोंच्या मध्यें बैल, तिफण, चूल, जातें अशा वस्तु येतात; तेथें यंत्र वापरावें, पण डोळ्यांत तेल घालून.

दुसरी पायरी यादीची. यंत्रासमोर बसून "आतां काय बरें काढावें?" असा विचार करणें म्हणजे पेठेंत जाऊन मग काय घ्यावयाचें तें आठवणें. आधीं कागदावर यादी करावी. प्रत्येक चित्राला क्रमांक द्यावा. चित्र कोणत्या धड्यासाठीं, आडवें कीं उभें, पत्त्यावर छापावयाचें कीं भिंतीवर लावावयाचें, हें त्यापुढें लिहावें. याच यादीवरून काम किती झालें आणि किती उरलें हें कोणालाहि एका दृष्टिक्षेपांत कळतें.

तिसरी पायरी वर्णनाची. यंत्राला द्यावयाच्या सूचनेला 'प्रॉम्प्ट' म्हणतात. तिचे दोन भाग करावेत: एक कायमचा आणि एक बदलता. कायमच्या भागांत रेषा कशी, रंग किती, मागची बाजू कोरी कीं भरलेली, प्रकाश कोणत्या बाजूनें, हें एकदां ठरवून लिहून ठेवावें आणि प्रत्येक सूचनेला तोच मजकूर जोडावा. यामुळें साठ चित्रें एकाच हातानें काढल्यासारखीं दिसतात. बदलत्या भागांत वस्तूचें वर्णन यावें, आणि तें नांवावर न भागवतां अवयवांनीं करावें. नुसतें 'गवळाऊ बैल' असें लिहून भागत नाहीं. 'पांढरा-राखी, सडपातळ, लांबट अरुंद तोंडाचा, आंखूड शिंगांचा, एका बाजूनें दिसणारा उभा बैल' असें लिहावें लागतें. शाळेंत आम्ही मुलांकडून 'माझी गाय' या विषयावर निबंध लिहून घेत असूं आणि चार पाय, दोन शिंगें एवढ्यावरच संपवला म्हणून रागावत असूं; ज्यांनीं तो निबंध नीट लिहिला, त्यांना आज ही सूचना लिहितां येते. शक्य तेथें खऱ्या वस्तूचें आपण घेतलेलें छायाचित्रहि नमुना म्हणून यंत्राला द्यावें. परंतु विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें मात्र कधींहि देऊं नयेत. दुसऱ्याच्या मुलाचा चेहरा ही आपली मालमत्ता नव्हे.

चौथी पायरी प्रत्यक्ष निर्मितीची, आणि येथें तळणाऱ्या बाईची रीत चांगली. ती एक पुरी लाटून एक तळीत बसत नाहीं. लाट्या आधीं करून ठेवते आणि घाणे काढते. सूचना आधीं सर्व लिहून ठेवाव्यात, एका बैठकींत एकाच प्रकारचीं चित्रें काढावीं, प्रत्येक सूचनेचीं तीन-चार रूपें घ्यावींत, आणि त्या बैठकींत निवड करीत बसूं नये. प्रत्येक वेळीं यंत्र आरंभास एक अंक घेतें. त्याला 'सीड' म्हणजे बीज म्हणतात. ज्या यंत्रांत तो अंक दिसतो, तेथें तो टिपून ठेवावा. तेंच यंत्र, तीच सूचना आणि तेंच बीज असल्यास पुष्कळदां तेंच चित्र पुन्हां मिळवितां येतें, आणि थोडासा फेरफार करावयाचा असल्यास हा टिपलेला अंक मोलाचा ठरतो.

कामाच्या वांटणीविषयीं एक जुनें उदाहरण सांगतों. राजा रविवर्मा यांनीं 1894 सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला आणि पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील देवदेवतांचीं चित्रें घरोघर पोंचलीं. त्या रंगीत छपाईंत प्रत्येक रंगासाठीं वेगळी शिळा लागे, आणि रंगावर रंग केसभरहि न सरकतां बसावा लागे. मूळ चित्र काढणारा एक, त्याचे रंग शिळांवर उतरवून घेणारे दुसरे, छापणारे तिसरे. कोणा एकाच्या प्रतिभेवर तो कारखाना चालला नाहीं. एकाचें काम दुसऱ्याच्या हातीं नीट सोंपविण्याच्या शिस्तीवर चालला. आमच्या लहानशा उद्योगांतहि सूचना लिहिणारा एक, चित्रें काढून घेणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा, अशी वांटणी केली. विशेषतः ज्यानें सूचना लिहिली त्यानें तपासणी करूं नये. त्याला जें हवें होतें तेंच त्याला चित्रांत दिसतें.

पांचवी पायरी या तपासणीची. तपासणारा शिक्षकच असावा असें नाहीं. तिफणीचें चित्र शेतकऱ्याला दाखवावें, चुलीचें चित्र चुलीवर रांधणाऱ्या बाईला दाखवावें, नऊवारीचें चित्र नऊवारी नेसणाऱ्या आजीबाईंना दाखवावें. त्यांच्या एका वाक्यांत जें कळतें, तें आमच्या तासाभराच्या चर्चेंत कळत नाहीं. आम्हीं तर कांहीं चित्रें चौथीच्या वर्गापुढें ठेवून 'यांत काय चुकलें?' एवढाच प्रश्न केला. मुलांनीं बोटें मोजलीं, बैलाचे पाय मोजले, चाकाचे आरे मोजले, आणि कपाशीच्या झाडावरचीं बोंडें गुलाबाच्या फुलांसारखीं उमललीं आहेत हें दाखवून दिलें. तो तास निरीक्षणाचा उत्तम पाठ झाला. जें चित्र तीन वेळां सूचना सुधारूनहि साधत नाहीं, तें यंत्राकडून काढून घेण्याचा नाद सोडावा. पेन्सिल घ्यावी किंवा कॅमेरा घ्यावा. तिफणीच्या बाबतींत आम्हीं शेवटीं गांवांतील एका होतकरू मुलाकडून चित्र काढून घेतलें, आणि सबंध संचांत तेंच मुलांना सर्वांत अधिक आवडलें.

सहावी पायरी अक्षरांची. चित्रांतच शब्द लिहून देण्याचें काम यंत्राला सांगूं नये. इंग्रजी अक्षरें हल्लीं त्याला बरीच साधतात. देवनागरींत मात्र काना जागा सोडण्याची, जोडाक्षर तुटण्याची आणि ऱ्हस्वाचें दीर्घ होण्याची भीति असते. ज्या मुलाला अक्षरओळख व्हावयाची आहे, त्याच्यापुढें मोडकें अक्षर ठेवणें हा अपराध आहे. चित्र कोरें घ्यावें आणि त्यावर शब्द मागाहून संगणकावरील चांगल्या टंकानें बसवावा. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनें केलेला 'मुक्त' हा देवनागरी टंक कोणालाहि विनामूल्य वापरतां येतो. जावजी दादाजी यांनीं 1869 सालीं मुंबईंत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक देशभर झाला, तो सुबक टाइपामुळें आणि शास्त्रीमंडळींनीं केलेल्या काटेकोर मुद्रितशोधनामुळें. छपाईचा वेग वाढला म्हणून मुद्रितशोधन कमी करणें योग्य नव्हे. आपण तें करूं नये.

सातवी आणि शेवटची पायरी जतनाची. मोबाईलमध्यें चित्रें ज्या निरर्थक अंकांच्या नांवानें सांठतात, तशींच तीं ठेवलीं, तर महिन्याभरानें तीं असून नसल्यासारखींच होतात. प्रत्येक फाईलला यादींतला क्रमांक, वस्तूचें नांव, तारीख आणि कितवी आवृत्ति हें नांवांतच द्यावें. निवडलेलीं, दुरुस्तीचीं आणि टाकाऊ अशीं तीन वेगवेगळीं फोल्डरें करावींत. एका नोंदवहींत सूचना, बीज, यंत्राचें नांव आणि तपासणाऱ्याची सही असावी. सगळा संच दोन ठिकाणीं ठेवावा: एक प्रत शाळेंत, एक बाहेर. आणि प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यांत 'यंत्रनिर्मित' असा बारीक शब्द छापावा. वाचणाऱ्याला खरें काय तें कळलें पाहिजे.

या सहीविषयीं दोन शब्द अधिक सांगतों. आपल्या देशाच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यांत 1994 सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार संगणकानें निर्माण केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती कृति निर्माण करविणारी व्यक्ति होय. या नव्या यंत्रांना तें वचन कसें लावावयाचें, हें न्यायालयें ठरवतील. मला त्यांतून एक नैतिक अर्थ निघतो असें वाटतें. कर्तेपण जर करविणाऱ्याचें, तर चुकीचें उत्तरहि त्यालाच दिलें पाहिजे. 'यंत्रानें तसें काढलें' ही सबब मुलापुढें चालत नाहीं.

आपल्यापैकीं कोणी म्हणेल कीं एवढा सगळा व्याप करावयाचा, तर मग यंत्रानें वेळ वांचविला तो कोठें? प्रश्न रास्त आहे. पहिल्या संचाला खरोखरच वेळ लागतो. परंतु दुसऱ्या संचाच्या वेळीं कायमचें वर्णन तयार असतें, नमुन्याचीं छायाचित्रें तयार असतात, कोणती वस्तु यंत्राला साधत नाहीं याची नोंद तयार असते, आणि कोणाला काय दाखवून घ्यावयाचें हेंहि ठाऊक झालेलें असतें. शिस्तीवर घातलेला वेळ पेरलेल्या बियाण्यासारखा असतो. पहिल्या दिवशीं तो मातींत गेलेला दिसतो एवढेंच. उलट शिस्तीवांचून वांचविलेला वेळ चुकीच्या पत्त्यांच्या रूपानें शेंकडों मुलांच्या हातीं जातो, आणि तो परत घेतां येत नाहीं.

कारण पहिलींतलें मूल चित्राविषयीं शंका घेत नाहीं. मोठ्या माणसाला चित्र म्हणजे चित्र; मुलाला तें प्रत्यक्ष वस्तूच वाटते. ज्यानें आयुष्यांत तिफण पाहिली नाहीं, त्याची तिफण म्हणजे आपण छापली तीच. आज गांवोगांवची शेती झपाट्यानें बदलत आहे. उद्यां गवळाऊ बैल, जातें, तिफण यांची ओळख पुष्कळ मुलांना केवळ चित्रांतूनच व्हावयाची आहे. तें चित्र जर यंत्रानें अंदाजानें काढलेलें आणि आपण न तपासतां स्वीकारलेलें असलें, तर ती वस्तु शेतांतून जाण्याआधींच स्मृतींतूनहि जाईल, आणि ती गेल्याचें कोणाला कळणारहि नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, यंत्र अवश्य वापरावें. पण आधीं यादी करावी, नीट वर्णन करावें, जाणत्याकडून तपासून घ्यावें, नांव घालून जतन करावें, आणि जेथें जिवाचा संबंध आहे तेथें खुशाल यंत्र बाजूला ठेवावें. चाकाला वेग आहे. पेळू चांगला करणें आपल्या हातीं आहे.